बरणीला साबण लावू नका

२४ मार्च, सोमवार

औषधकंपनीचा माणूस आज दवाखान्यात दैनंदिन्या वाटून गेला. माझ्या वाट्याला आली तिच्या पुठ्ठ्यावर लांब कानांचा कुत्रा आहे. डॉक्टर कामेन म्हणाले, "झोरा, यात लिहीत जा काहीतरी. तोंडाने तर हल्ली बोलत नाहीस." काय लिहू, असं विचारलं तर म्हणाले, "कोण किती मुतलं ते लिही. या गावात ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही."

तेही खरंच. कार्लोवोत जनावरांचे दवाखाने दोन, पण मुताचे नमुने घ्यावेत ते झोर्नित्सानेच, म्हणजे मीच, असं लोक म्हणतात. लग्नाआधीपासून हेच करतेय.

आज त्सांको मास्तर बारोनला घेऊन आले. मास्तर म्हणजे आमच्या गावच्या बँडचे निवृत्त प्रमुख. बारोन त्यांचा कुत्रा, लांबोडा आणि आखूड पायांचा, पोट जमिनीला टेकलेलं. नमुना धरायचा डाव त्याच्याखाली जात नाही. मी मिठाईच्या डब्याचं पसरट झाकण काठीला बांधून ठेवलंय, ते सरकवते. पण बारोन मागे वळून बघतो आणि धार बंद करतो. मग मास्तर गाल फुगवून तोंडाने लष्करी कुचाची धून वाजवायला लागतात. पोम पोम पोम. त्या तालावर साहेबांना होते. सगळी गल्ली खिडकीतून बघत होती. झाकण अर्धं भरलं.

ल्यूबेन, माझा नवरा, जानेवारीत गेला. लिहायला हवं म्हणून लिहिलं. फाटकापाशी बर्फ बाजूला करत होता, तिथेच पडला. फावडं अजून तिथेच टेकवलेलं आहे. कसं वाटतं, असं सगळे विचारतात. काही वाटत नाही. झोप लागते, जेवण जातं. बास.

२ एप्रिल, बुधवार

लोकांपुढे हात टेकले. प्रत्येकाला मी निर्जंतुक डबी देते, नवीकोरी, झाकणाची. त्या डब्या जातात कुठे? तिखट ठेवायला, बटणं ठेवायला, आजोबांचे दात ठेवायला. "इतकी छान डबी, तिच्यात कुत्र्याचं मूत घालायचं?" आणि नमुना येतो बरणीत. या खोऱ्यात घरागणिक शंभर बरण्या असतात, शरद ऋतूत सगळं बरणीतच भरतात लोक, मिरच्या, काकड्या, मुरंबे. मग जनावराचं मूतही बरणीत भरलं तर त्यांना काही वावगं वाटत नाही.

पूर्वी मी झाकण उघडून सांगायचे, ही काकडीची, ही मधाची, ही राकिया दारूची, आणि परत पाठवायचे. बरणीत आधीचं काही राहिलं तर तपासणीची पट्टी खोटं बोलते. साबण किंवा क्लोरीन राहिलं तरी खोटं बोलते. म्हणून दारावर मी पाटी लावली आहे: डबीतच आणा. बरणीला साबण लावू नका, बरणी आणूच नका.

आज एक बाई बरणी घेऊन आली. मी हुंगली. काहीच कळलं नाही. जानेवारीपासून नाक बंदच आहे. कुणाला सांगितलेलं नाही. नाक मुरडून म्हटलं, "लोणच्याची आहे." बाई लाजली, म्हणाली, "अगंबाई, कसं ओळखलंत?" नशीब माझं.

९ एप्रिल, बुधवार

घरी खाली सासूबाई राहतात, वर मी. स्वयंपाकघर एकच, खाली. ल्यूबेन होता तेव्हा जिना सारखा वाजायचा. आता दोघीही कामापुरतं बोलतो. त्या दाफिनाबाई, वय झालंय पण हात लोखंडाचे. जन्मभर गुलाब तोडलेत.

सकाळी खाली उतरले तर माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "तुझ्याजवळ गुलाबाचा वास येतोय."

मी म्हटलं, "नाही हो आई."

"येतोय ना. मला नाक आहे अजून."

म्हणजे काय, तर नवऱ्याला जाऊन तीन महिने नाही झाले आणि ही अत्तर लावते. मनात आलं, म्हणावं, म्हातारे, मला दात घासायचंसुद्धा सुचत नाही. नाही म्हटलं. अत्तर मी लावतही नाही. गेल्या मे महिन्यात ल्यूबेनने अंगणात तांब्याच्या कढईत गुलाबपाकळ्यांचा मुरंबा केला होता, त्याच्या दोन बरण्या वर माझ्या कपाटात होत्या. डॉक्टर म्हणाले होते, उपाशीपोटी येऊ नकोस, काहीतरी खाऊन येत जा. म्हणून रोज सकाळी त्यातला एक चमचा खाते. चव लागत नाही, पण गिळायला सोपं. पहिली बरणी काल संपली. तळाला, कडेला चिकटलेला पाक निघेना, तशीच जिन्याच्या खिडकीत उपडी ठेवली. धुवायची आहे.

सिवचो पाणी फार पितो. सिवचो म्हणजे ल्यूबेनचा बोका, राखाडी, एक कान फाटका. वाडगं दिवसात दोनदा भरावं लागतं, आणि वाळलाय किती. आई म्हणाल्या, "झुरतोय बिचारा." मी म्हटलं, बोके झुरत नाहीत, मूत्रपिंडं तरी गेली असतील नाहीतर साखर. त्या म्हणाल्या, "तुला काय, तुझं सगळं मुतातच."

१३ एप्रिल, रविवार

नणंदेचा फोन. विहरा परदेशात, वालेन्सियाला असते, संत्र्यांच्या गोदामात नोकरी. ती आईंना तिकडे बोलावतेय. फोन आईंनी टेबलावर उघडाच ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आई, ये ना गं. तिथे आहे कोण तुझं?"

"बोका आहे."

"बोक्यासाठी कुणी राहतं का?"

"मी राहते. तो माझ्या पोराचा आहे. तो आहे तोवर मी आहे. नंतर बघू तुझी संत्री."

मी भांडी पुसत होते. तिथे कोण आहे, यावर माझं नाव आलं नाही. येण्याचं कारणही नाही. जायचं तर जावं. घर मोठं होईल, इतकंच. झाडायला वेळ लागेल.

१४ एप्रिल, सोमवार

सिवचोला दवाखान्यात नेलं. टोपलीत इतका ओरडला की डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "कुणाला कापताय?" रक्त काढताना त्याने मला दोनदा ओरबाडलं. रक्तात साखर वाढलेली आहे.

डॉक्टर म्हणाले, "यावर विश्वास नाही. मांजर घाबरलं की रक्तातली साखर चढते, तुला माहीत आहे. घरचं मूत बघायला हवं, निवांतपणी केलेलं. त्यात साखर निघाली तर खरा मधुमेह."

मी डबी आणि पांढऱ्या दाण्यांची पिशवी घरी आणली. आईंना समजावलं, "त्याच्या शी-शूच्या पाटातली नेहमीची माती काढायची, हे दाणे घालायचे. हे पाणी पीत नाहीत. त्याने केलं की पाट कलता करायचा, डबीत ओतायचं. आणि कशालाही साबण लावू नका, क्लोरीन तर मुळीच नाही."

"कळलं."

"नीट कळलं ना?"

"सूनबाई, मी मुलं वाढवली. मूत मला कळतं."

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी आईंनी हातात दिली ती बरणी. छोटी, वर चांदीचा कागद आणि रबर.

"डबी कुठाय?"

"ती ठेवली. चांगली आहे. माझ्या गोळ्या बसतात त्यात."

कुणा परक्या बाईला मी दारातून परत पाठवलं असतं. पण पुन्हा दाणे, पुन्हा वाट बघणं, पुन्हा ती बोलणी. अंगात त्राण नव्हतं. विचारलं, "स्वच्छ आहे ना?"

"चकचकीत आहे. साबण लावलेला नाही."

दवाखान्यात पोचल्यावर बरणीतलं डबीत ओतलं, बरणी कचऱ्यात टाकली. डॉक्टरांना काही बोलले नाही. ओतण्याआधी सवयीने हुंगलं. काही नाही.

पट्टी बुडवली. साखरेचा चौकोन हिरवा झाला, मग तपकिरी, मग गडद तपकिरी. डॉक्टर म्हणाले, "लागली वाट." सोफियाच्या प्रयोगशाळेत रक्त पाठवलं तर पक्कं कळेल, पण पवित्र सप्ताह चालू आहे, ईस्टर होईपर्यंत तिथे कुणी नाही. "थांबायचं कशाला? रक्तात साखर, मुतात साखर. थोडं थोडं इन्सुलिन सुरू करू."

हो म्हटलं.

परत येताना दिसलं, जिन्याच्या खिडकीतली ल्यूबेनची बरणी गेलेली आहे. आईंनी टाकली असणार. बरंच झालं, धुवायचा त्रास वाचला.

२० एप्रिल, रविवार. ईस्टर

दुखवटा आहे म्हणून या वर्षी घरात ईस्टरची लाल अंडी नाहीत. आईंनी एकच रंगवलं, कबरीवर ठेवायला. वाटेत शेजारीण भेटली, म्हणाली, "ख्रिस्त उठला!" आई उत्तराला म्हणाल्या, "खरोखर उठला," आणि मग माझ्याकडे बघून हळूच, "सगळे नाही उठत."

सिवचोला सकाळ-संध्याकाळ सुई देते. मानेची कातडी उचलायची, टोचायचं. तो काही करत नाही. आई तोंड फिरवून उभ्या राहतात. "रोज दोनदा? मरेपर्यंत?"

"हो."

"त्याच्या, की माझ्या?"

मी म्हटलं, जे आधी होईल ते. बोलून गेल्यावर वाटलं की असं बोलायला नको होतं. आई मात्र हसल्या. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

२९ एप्रिल, मंगळवार

आज आईंना चीज देताना पकडलं. खारं पांढरं चीज, मिठाच्या पाण्यातलं, बोटाएवढा तुकडा. सिवचो मटामटा खात होता.

"हे कधीपासून?"

"ल्यूबेन द्यायचा. सकाळी एक तुकडा."

"एक तुकडा?"

"तो एक द्यायचा." मग बोटं पुसत, "मी जरा जास्त देते. दुसरं काही खात नाही तो."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "चीज बंद. त्याच्या आजाराचं खाणं, दुसरं काही नाही." आईंनी बरणीभर चीज शेजारणीला देऊन टाकलं. दारातून आत येताना डोळे पुसत होत्या. मी विचारलं, चीजसाठी रडताय? त्यांनी सिवचोचं वाडगं धुवायला घेतलं.

६ मे, मंगळवार. संत गेओर्गीचा दिवस

गावभर कोकराच्या भाजण्याचा धूर. मास्तर बारोनला घेऊन आले, पुन्हा नमुना. या वेळी मास्तरांचा घसा बसलेला, कूच वाजवता येईना. बारोन उभा, मी झाकण धरून ओणवी, मास्तर नुसतेच फू फू करतायत. शेवटी मीच पोम पोम केलं. झालं त्याला. मास्तर म्हणाले, "झोराताई, सूर चुकलात, पण कुत्रा दयाळू आहे." डॉक्टर आत खोकत होते, म्हणजे हसत होते. मला हसू आलं नाही. करायचं होतं ते केलं.

सिवचो आता पाणी कमी पितो. मी म्हटलं, इन्सुलिन लागू पडलं. पण आजाराचं खाणं तो हुंगतो आणि निघून जातो. दिवसाला चार दाणे खातो. जागेवरून फार उठत नाही. म्हातारा झालाय.

विहराचा फोन. तिने तिकिटं बघून ठेवली आहेत. आई या वेळी "बघू" म्हणाल्या.

११ मे, रविवार

हात अजून चिकट आहेत. दोनदा धुतले.

सकाळी सुई दिली. त्याने खाल्लं होतं का? मी विचारलं नाही. आई चर्चला गेल्या होत्या, खाणं वाडग्यात होतं, म्हटलं खाईल. दुपारी आईंची हाक आली, "झोर्नित्सा!" पूर्ण नाव त्या कधी घेत नाहीत.

सिवचो चुलीपाशी आडवा होता, पाय झाडत होता, मान मागे. डोळे उघडे पण त्यात तो नव्हता. मला कळलं काय झालंय. साखर उतरली होती. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "हिरड्यांना गोड चोळ, मध, पाक, काय असेल ते, आत्ता, आणि घेऊन ये. मी निघालो."

साखरेचा डबा ओट्यावरच होता. आता लिहिताना तो डोळ्यासमोर येतोय, निळा, फुलांचा. तेव्हा तो दिसलाच नाही. मी जिना चढून वर पळाले, कपाट उघडलं, कपड्यांखालची दुसरी बरणी काढली. ती मी उघडलेली नव्हती. ही का आणली, ते मला माहीत नाही.

झाकण फिरेना. आईंनी बरणी हिसकावून घेतली, एका झटक्यात उघडली. मग एक क्षण त्या झाकणाकडे बघत राहिल्या. झाकणावर ल्यूबेनच्या अक्षरात "मे, गुलाब, हात लावू नये" असं लिहिलं होतं. दरवर्षी तेच लिहायचा.

"अजून एक होती?" त्या म्हणाल्या.

"आई, धरा त्याला!"

त्यांनी धरलं. मी बोट बुडवून त्याच्या हिरड्यांना चोळलं, जिभेखाली, पुन्हा, पुन्हा. पाकळ्या त्याच्या दातांत अडकत होत्या. आई खाली बसून म्हणत होत्या, "नको रे, तू नको, तू तरी नको." आणि मी म्हणत होते, मरू नकोस गाढवा, मेलास तर ही जाईल. मोठ्याने म्हटलं की मनात, आठवत नाही. आईंनी वर बघितलं खरं.

थोड्या वेळाने त्याने ओठ चाटले.

गाडीत आई मागे बसल्या, तो मांडीवर. दवाखान्यात डॉक्टर घरातल्या चपला घालूनच आलेले. शिरेतून साखर दिली. संध्याकाळी डोकं उचललं त्याने. आज तिथेच ठेवलाय.

१३ मे, मंगळवार

परवा सकाळनंतर सुई दिली नाही, आणि तरी रक्तातली साखर चढलेली नाही. डॉक्टरांनी आकडा दोनदा बघितला. मग म्हणाले, "मूत्राशयातूनच घेऊ."

मी सिवचोला उताणं धरलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर मूत्राशय दिसतं, काळा फुगा. त्यात बारीक सुई घालायची आणि ओढायचं. हा नमुना खोटं बोलू शकत नाही, मध्ये ना पाट, ना डबी, ना माणूस. सिवचोने डोळे मिटून घेतले.

पट्टी मी बुडवली. साखरेचा चौकोन जसा होता तसाच राहिला. फिकट निळा. दुसरी पट्टी बुडवली. निळा.

डॉक्टर खुर्चीत बसले. "मग त्या वेळी काय होतं? इन्सुलिनने मधुमेह बरा झाला असं मी कागदावर लिहू शकतो, पण मला पटत नाही. झोरा, तो पहिला नमुना डबीत होता ना?"

"मी डबीत ओतला होता."

"कशातून?"

"बरणीतून."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मला वाटलं ओरडतील. नाही ओरडले. "दारावर पाटी कुणी लावलीय?" इतकंच विचारलं. मग म्हणाले, "माझंही चुकलंच. ईस्टर झाल्यावर रक्त पाठवणार होतो, राहून गेलं. जा, त्याला घरी ने. याला काही झालेलं नाही. खारं चीज खाऊन कोण पाणी पिणार नाही? आणि वाळला तो न खाऊन वाळला. दाफिनाबाई म्हणत होत्या ना, झुरतोय म्हणून? झुरतच होता."

टोपली घेऊन चालत निघाले. वाटेत कुणीतरी विचारलं, कसा आहे? म्हटलं, चांगला आहे. चांगल्या बोक्याला मी जवळजवळ चार आठवडे सुया टोचल्या.

१३ मे, संध्याकाळ

पुन्हा लिहितेय.

सिवचो टोपलीतून निघून सरळ चुलीमागे गेला. आई बीट चिरत होत्या. मी सगळं सांगितलं. साखर नव्हतीच, कधीच नव्हती, बरणीत काहीतरी होतं. मग विचारलं, "कुठली बरणी घेतली होतीत?"

"खिडकीतली."

"ल्यूबेनची?"

"तूच ठेवली होतीस. साबण लावलेली नाही म्हणून तीच घेतली. बाकी सगळ्या मी साबणाने धुतलेल्या."

"आई, त्यात मुरंबा होता. धुतलेली नव्हती ती."

"नव्हता. चकचकीत केली होती मी."

"कशाने?"

आईंनी सुरी खाली ठेवली. दोन्ही हात बीटाने लाल झालेले. म्हणाल्या, "बोटाने. आतून बोट फिरवलं आणि चाटलं. तळाशी, कडेला, झाकणाच्या आट्यांत. एक कण ठेवला नाही. मग कोरड्या फडक्याने पुसली."

मी खुर्ची ओढून बसले.

"रोज सकाळी तुझ्या तोंडाला गुलाबाचा वास यायचा," आई म्हणाल्या. "वाट बघायचे, आज म्हणेल, आई, घ्या एक चमचा. आज म्हणेल. माझ्या पोराने केलेला, गं. माझ्याच अंगणात. शेवटचा. आणि तू वर दार लावून एकटीने खाल्लास. मला बरणी चाटावी लागली, बोक्यासारखी. त्यात बोका मरायला टेकला."

मी म्हटलं, "मला चव लागत नव्हती."

"मग मला दिला असतास!" त्या ओरडल्या. सिवचो चुलीमागून निघून टेबलाखाली गेला.

मी वर गेले. पलंगावर बसले. त्यांच्या म्हणण्यात खोटं काहीच नव्हतं. मला खरंच सुचलं नव्हतं. जिना उतरून एक चमचा द्यावा, हे चार महिन्यांत एकदाही मनात आलं नाही. त्या आई आहेत त्याच्या. मला वाटत होतं तो फक्त माझा मेलाय.

रविवारची बरणी घेऊन खाली आले. कडेला एक राखाडी केस चिकटला होता, तो काढला. काचेची छोटी बशी घेतली, आलेल्या माणसाला देतात ती. तिच्यात चमचाभर मुरंबा वाढला, चमचा ठेवला, शेजारी थंड पाण्याचा पेला. आईंसमोर ठेवलं आणि म्हटलं, "घ्या."

आईंनी बीट बाजूला सारलं. मग हात पुसले, नीट बसल्या, पाहुण्या बसतात तशा. चाखला. दुसऱ्यांदा चाखला. डोळे मिटूनच म्हणाल्या, "लिंबू जास्त झालंय. दरवर्षी सांगायचे त्याला. ऐकेल तर शपथ."

मी त्याच चमच्याने घेतला.

जास्त झालं होतं. जिभेला झोंबलं, कानाच्या मागे कळ आली, आणि त्याच्यामागून गुलाब आला, नाकात, घशात, डोक्यात, गेल्या मेमधलं सगळं अंगण आलं आणि कढईपाशी शर्ट काढून उभा असलेला तो, मला म्हणणारा, झोरे, माशी हाकल. मी ओट्याला धरून रडले. मोठ्याने, शेंबूड गळेपर्यंत. शेजारीण खिडकीत येऊन गेली म्हणे. सिवचो माझ्या पायाशी येऊन बसला, चीज मिळेल या आशेने.

आईंनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. फोन वाजत होता, विहराचा असणार. आईंनी उचलला नाही.

"पी," त्या म्हणाल्या. "आणि शनिवारी पहाटे उठ. गुलाब फुलायला लागलेत वरच्या मळ्यात. या वर्षी लिंबू मी पिळणार."